मावीला कुणी ठेवून घ्यायचं

जाफराबादमध्ये दयाळू माणसांची टंचाई कधीच नव्हती. दुसऱ्या कुणी तरी दया करावी असं मनापासून वाटणारी माणसं आमच्या एका गल्लीत शोधली तरी टेम्पोभर निघतील. बेबीनंदा बोर्डे मात्र त्यांच्यातली नव्हती. तिची ख्याती वेगळीच होती, ती म्हणजे तोंडाची.

ती एसटीत कंडक्टर होती. नवरा ड्रायव्हर. तो नोकरीत असतानाच वारला आणि त्याच्या जागेवर तिला घेतलं. मग भोकरदन, जालना, चिखली अशा गाड्यांवर तिचं आयुष्य उभ्यानं गेलं. मूलबाळ नव्हतं. सगळी गल्ली तिला तोंडावर बेबीआक्का म्हणायची. पाठीमागं काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

आमच्याकडं सुट्ट्यांत पोरांना एकटं एसटीत बसवून द्यायची रीत आहे. बाप खिडकीतून ओरडतो, "बाई, हिला भोकरदनला उतरवा, मामा येईल." आणि बाप मोकळा. इतर कंडक्टर पोरगं स्टँडवर उतरवून घंटी मारायचे. आक्काचा हिशोब निराळा होता. मामा म्हणून जो पुढं येईल त्याच्याकडं ती बघायचीच नाही, ती पोराच्या तोंडाकडं बघायची. पोरगं त्याला पाहून हललं नाही तर त्याला उतरवायचीच नाही. खरेखुरे मामा शिव्या देत गाडीमागं पळाल्याच्या गोष्टी अजून सांगतात. लोक याला तिचा माज म्हणायचे.

ती रिटायर झाली. त्यानंतरच्या दसऱ्याच्या सुमारास जालना स्टेशनवर रेल्वे पोलिसांना एक मुलगी सापडली. वय पंधरा-सोळा. मुंबईकडं जाणाऱ्या गाडीत सोबतच्या माणसाचा डोळा लागला, तसं जे स्टेशन आलं तिथं ती उतरली. ते जालना निघालं यात तिचा दोष नाही.

तिचं नाव लांबलचक होतं. आम्हाला त्यातलं मावी एवढंच जमलं. ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आताच्या म्यानमारच्या, पश्चिमेच्या डोंगरांतली चिन नावाच्या जमातीतली ती पोरगी. सैनिकांनी गाव जाळलं, बाप त्यात गेला. भाऊ बंदूक घेऊन जंगलात गेला तो गेलाच. ही एकटी नदी ओलांडून मिझोराममध्ये आली, एका खानावळीत भांडी घासत राहिली. तिथं एक माणूस भेटला. मुंबईत चांगलं काम देतो म्हणाला. हे सगळं आम्हाला फार उशिरा, तुकड्यातुकड्यानं कळलं. सुरुवातीला ती बोलतच नव्हती आणि जेवतही नव्हती.

अशी मुलं जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं येतात. मुलींचं निवासगृह भरलेलं होतं. परदेशी मुलगी म्हणून कागद दिल्लीला गेले, आणि दिल्लीला गेलेले कागद कधी येतात हे काय सांगायचं. तोवर तिला एखाद्या घरात ठेवावं असं ठरलं. मूल सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबांची नावं बाल संरक्षण कार्यालयातल्या प्रीती मॅडमकडं होती. सगळी भली घरं. कुणाच्या हॉलमध्ये समाजसेवेचे सत्कार टांगलेले, कुणी दरवर्षी वाढदिवसाला अनाथांना केळी वाटणारे. मॅडमनं एकेकाला फोन लावला. एकानं विचारलं, दोन वर्षांची गोरी एखादी नाही का. एका बाईनं विचारलं, झाडूपोछा येतो का. एकानं जात विचारली. परदेशातली आहे म्हटल्यावर, तिथली कोणती, असं विचारलं. उरलेल्यांनी दिवाळीनंतर बघू म्हटलं.

प्रीती मॅडम जाफराबादच्याच. वर्षानुवर्षं आक्काच्या गाडीनं जालन्याला ये-जा केलेली. एका संध्याकाळी स्टँडवर आक्का भेटली तेव्हा त्यांनी हे सगळं तिच्यापुढं ओतलं. काही मागायला नाही, नुसतं मन हलकं करायला. आक्कानं एवढंच विचारलं, "जेवती का?"

"न्हाई ना. कशालाच हात लावंना."

"मंग आणा इकडं. न जेवणारी पोरं मी रोज पाह्यलेली हायेत. गाडी लागती त्यांला."

मग चौकशी झाली, पोलिसांचा दाखला झाला, संडास-बाथरूम तपासलं. समितीनं मावीला आक्काच्या ताब्यात दिलं. कायद्याच्या भाषेत अशा माणसाला 'योग्य व्यक्ती' म्हणतात. सरकारनं बेबीआक्काला योग्य व्यक्ती ठरवलं हे कळलं तेव्हा गल्ली आठवडाभर हसत होती. मॅडमनं तिला एक गोष्ट बजावून सांगितली. या मुलीचा फोटो, नाव, पत्ता कुठंच झळकता कामा नये. कायदा तर आहेच, शिवाय ज्याच्या हातून ती निसटली तो माणूस मोकळा फिरतोय. फोटो फिरला आणि जागा कळली, तर पोरीला इथून हलवावं लागेल.

पहिले काही दिवस गल्लीनं बघ्यांची रांग लावली. ज्या बायकांनी आक्काच्या दारात कधी पाय ठेवला नव्हता त्यांना अचानक विरजण लागायला लागलं. वाटी हातात धरून त्या माजघरात डोकावायच्या. पोरीचे डोळे, नाक, केस बघून घ्यायच्या, मी कामाला आहे त्या कारखान्यात इन्स्पेक्टर माल बघतो तसं. शेजारच्या नंदाबाईनं विचारलं, "बोलती का गं ही?"

"तुमच्यासारखी न्हाई बोलत," आक्का म्हणाली. "म्हणून तर ठेवली."

स्टँडजवळ बद्रीनाथचं कापडाचं दुकान आहे. त्याला जगातल्या सगळ्या गोष्टी फोनवर घरबसल्या कळतात. त्यानं पहिल्याच दिवशी निकाल दिला की ही बांगलादेशी आहे. म्यानमार वेगळा देश आहे हे कुणी सांगितलं तर तो म्हणायचा, "तिकडून येणारे सगळे असंच सांगतेत." आक्का दुकानावरून जायला लागली की तो मोठ्यानं बोलायचा, आणि ती दुकानात शिरून शांतपणे विचारायची, "माझ्याशी बोलून राह्यले का, शेठ?" मग तो ठाण उलगडायला लागायचा.

मावी जेवायला लागली ती सोयाबीनमुळं. आमचा तालुका सोयाबीनवर जगतो, पण ते माणसानं खायचं असतं हे आमच्या डोक्यात नाही. पिकवायचं, पोत्यात भरायचं, आडतीवर टाकायचं. मावीनं कुणाच्या तरी ओट्यावर सांडलेले दाणे पाहिले आणि पहिल्यांदा आक्काचा पदर ओढून काही तरी मागितलं. आक्कानं ओंजळभर आणून दिले. पोरीनं ते शिजवले, पानांत बांधले, चुलीजवळ आंबायला ठेवून दिले. काही दिवसांनी जो वास सुटला त्याचं वर्णन गल्लीनं उंदीर मेला असं केलं. लोकांनी माळे झाडले. नगरपंचायतीचा माणूस बोलावून नाली उपसून घेतली. आणि आक्काच्या घरात ती पोरगी तेच मिरची घालून भाताबरोबर खात होती. रडत होती आणि खात होती.

वास कुठून येतो ते कळल्यावर नंदाबाई भांडायला आली. आक्कानं तिला ताटली पुढं केली. "खाऊन तर बघा. आपल्या ठेच्याचा वास काय गुलाबाचा येतो का?" नंदाबाई नाक धरून गेली, आणि आक्का कुत्रं शिजवते असं सांगत सुटली.

हिवाळ्यात मावी बोलायला लागली. तिचं मराठी म्हणजे आक्काचं मराठी, कारण दुसरं कुणी तिच्याशी बोलतच नव्हतं. मॅडमनं शाळेचं बघायला घेतलं. कधी कधी संध्याकाळी दोघी ओट्यावर शेंगा फोडत बसायच्या आणि स्टँडकडून येणाऱ्या माणसांना नावं ठेवायच्या. नावं आक्का ठेवायची, मावी हसायची. गल्लीला हे सगळ्यात जास्त खुपायचं.

मग मे महिन्यात राजानंद गुरुजींना तिचा शोध लागला. गुरुजी निवृत्त हेडमास्तर, विहार समितीचे अध्यक्ष. त्यांना माईक दिसला की त्यांच्या अंगात शाळा यायची. तोवर त्यांनी मावीची साधी चौकशी केली नव्हती. पण बुद्धपौर्णिमा जवळ आली आणि ही पोरगी ब्रह्मदेशातली आहे हे त्यांनी ऐकलं. ब्रह्मदेश म्हणजे बुद्धाचा देश. बुद्धाच्या देशातली म्हणजे बौद्ध. ती साक्षात आपल्या वस्तीत आलेली. एवढं सरळ गणित होतं. चिन डोंगरांतले बहुतेक लोक कित्येक पिढ्यांपासून ख्रिश्चन आहेत हे गुरुजींच्या भूगोलात नव्हतं, आणि पोरीला विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आक्काला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोरगी जेवणाआधी डोळे मिटून पुटपुटायची, गळ्यात दोऱ्याला लाकडी क्रॉस होता. स्वतः आक्का बौद्ध, घरात बाबासाहेबांचा फोटो. तिनं फोटोच्या खिळ्याशेजारी अजून एक खिळा ठोकला आणि क्रॉस टांगायला जागा करून दिली. यावर तिनं कुणाजवळ भाषण केलं नाही.

गुरुजी आंबे घेऊन आले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. जाता जाता फोनवर फोटो काढला. आक्का आत पाणी आणायला गेली होती. पौर्णिमेच्या कार्यक्रमाला मुलीला घेऊन या म्हणाले. आक्का म्हणाली, येऊ की, खीर असती ना.

पौर्णिमेच्या दुपारी स्टँडवर फ्लेक्स लागला. 'बुद्धभूमी ब्रह्मदेशाची कन्या जाफराबादनगरीत, सहर्ष स्वागत.' मधोमध मावीचं तोंड, बाजूला गुरुजी हात जोडून, खाली त्यांचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःपेक्षा दुसऱ्याचा फोटो मोठा छापला होता. आक्काला तो दिसला संध्याकाळी, मावीला घेऊन विहाराकडं निघाल्यावर. ती तशीच तरातरा गेली आणि दारातच गुरुजींना म्हणाली, आत्ताच्या आत्ता उतरवा. गुरुजी म्हणाले, सकाळी उतरवू, आजचा दिवस राहू द्या. आणि मावीचा हात धरून तिला स्टेजवर घेऊन गेले.

भाषण झालं. मग गुरुजींनी जाहीर केलं की आपली भगिनी आता तिच्या भाषेत वंदना म्हणेल. मावीला गाणं म्हण एवढंच समजलं. तिनं डोळे मिटले आणि गायली. मीही तिथं होतो. आवाज बारीक होता, पण मंडपातली पोरं गप्प झाली. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. गाणं संपल्यावर सगळ्यांनी तीनदा साधू, साधू, साधू म्हटलं. गुरुजींचा ऊर भरून आला होता. त्यांनी माईक तिच्या तोंडाशी धरला आणि या वंदनेचा अर्थ सांग म्हणाले.

"येशूचं गाणं हाय," मावी म्हणाली. "चर्चमधी म्हणतो आम्ही."

माईक कुईं करून ओरडला. मंडपात मागून कुणी तरी हसलं. आक्काच असावी. म्हाताऱ्या बायांना काही वाटलं नाही. गाणं चांगलं होतं म्हणाल्या आणि पोरीला दोनदा खीर वाढली. पण गुरुजी दुसऱ्या दिवशी आक्काच्या दारात उभे. समाजाची फसवणूक केली, म्हणाले.

"तिला विचारलं का तुम्ही, गुरुजी?" आक्का म्हणाली. "कोणत्या धर्माची, फोटो काढू का, काही? भाषण पाठ करायला टाइम व्हता, एवढं विचारायला नव्हता."

रागानं गुरुजींनी फ्लेक्स तसाच ठेवला. आक्कानं विळा नेऊन स्वतः दोऱ्या कापल्या. पण तोवर उशीर झाला होता. फोटो ग्रुपवर, गाण्याचा व्हिडिओ ग्रुपवर, खाली गावाचं नाव, आणि त्याखाली जाफराबादच्या विद्वानांची मतं.

काही आठवड्यांनी स्टँडवर एक जीप थांबली. उतरलेल्या माणसानं बद्रीनाथला फोनवर तोच फोटो दाखवला आणि हिंदीत म्हणाला, मी या मुलीचा चाचा, कधीपासून शोधतोय. बद्रीनाथ आठ महिने जिला हाकला म्हणत होता तिच्या चाचासाठी त्याचं काळीज एकदम पाघळलं. तो दुकान सोडून स्वतः गल्लीच्या तोंडापर्यंत आला आणि घर दाखवून गेला.

आक्का दारात होती. तो माणूस गोड बोलला. आक्कानं त्याच्याकडं पाहिलंच नाही. मागं वळून मावीकडं पाहिलं. पोरगी हातातली परात धरून उभी होती आणि तिच्या पायाखाली पाणी सांडत होतं. आक्काला तेवढं पुरे झालं. तिनं बाहेरून कडी घातली आणि त्या माणसापुढं उभी राहिली. गल्लीनं पुढच्या पाच मिनिटांत जे ऐकलं ते डेपोतल्या ड्रायव्हरांनीसुद्धा कधी ऐकलं नसेल. माणूस जीपकडं पळाला. मी आणि अजून दोघं धावलो, पण गाडी निघून गेली होती. पोलिसांना कळवलं. त्यांनी जीपचा नंबर विचारला. बद्रीनाथला माणसाचं नाव, गाव, शर्टाचा रंग, काहीच आठवत नव्हतं.

प्रीती मॅडमचा फोन त्याच संध्याकाळी आला. आवाज रडवेला. समितीनं तातडीनं बोलावलं होतं. जागा उघडी पडली, आता मावीला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत हलवावं लागेल, असं दिसत होतं.

सुनावणीला गुरुजींनाही बोलावलं होतं आणि बद्रीनाथलाही. इस्त्रीचे कपडे घालून दोघं जालन्याला आले. जीपमागं धावलेला म्हणून मलाही बोलावलं होतं. फोटो कुणी छापला असं विचारल्यावर गुरुजींना आधी कायदा किती कडक आहे ते विचारून घ्यायचं होतं. ते कळल्यावर म्हणाले, फोटो बाईंनीच दिला होता. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारलेला माणूस. बद्रीनाथ म्हणाला, मी माणुसकीच्या नात्यानं घर दाखवलं. आक्काला विचारलं तेव्हा तिनं घडलं तसं सांगितलं. गुरुजींचा खोटेपणा तिनं एका वाक्यात उरकला आणि पुढं गेली, जसं काही तिकीट न काढलेला माणूस असावा आणि गाडीत त्याहून जास्त काम असावं.

समितीच्या अध्यक्षबाई वकील होत्या. त्या म्हणाल्या, चूक कुणाची ते पोलिस बघतील. आमच्यापुढं प्रश्न मुलीचा आहे. ते घर आता माहीत झालंय. तिथं तिला ठेवता येणार नाही.

आक्कानं विचारलं, "घर माहीत झालं म्हणून न्हेता, का माझं काही चुकलं म्हणून?"

"घर माहीत झालं म्हणून."

"मंग घर बदलते. जालन्यात खोल्या बघते. आठ दिवस द्या."

अध्यक्षबाईंनी या वयात, स्वतःचं घर सोडून, असं काही तरी सुरू केलं. आक्का म्हणाली की डेपो बदलला की बिऱ्हाड बदलायचं, हे तिनं नोकरीत केलेलंच आहे. मग बाईंनी मावीला विचारलं, तुला काय वाटतं. आम्हाला सगळ्यांना वाटलं ती म्हणेल, आक्कासोबत राहायचं. ती ते म्हणाली नाही.

"तिला घर सोडू देऊ नका," मावी म्हणाली. "सोडल्यावर परत मिळत न्हाई. मला ठाऊक हाय."

गुरुजी चष्मा पुसायला लागले. त्यांना नेमक्या वेळी चष्मा पुसता येतो.

आक्कानं तिच्याकडं वळून पाहिलं. "माझं काय जळून चाललंय का? कुलूप लावून येते, बाई. रडू नको. इथं लोक हायेत."

समितीनं आठ दिवस दिले. नवी जागा तपासून झाली, कागद झाले. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत किंवा दिल्लीचं काही ठरेपर्यंत आक्काकडंच राहील असा हुकूम निघाला. मधले आठ दिवस मावी निवासगृहातल्या एका कोपऱ्यात गादी टाकून राहिली. आक्का रोज एसटीनं जालन्याला डबा घेऊन जायची.

जायच्या दिवशी गल्ली निरोप द्यायला जमली. पोरीला हाकलायचं म्हणून ज्यांनी बद्रीनाथच्या दुकानात चहा पीत वेळ घालवला होता त्यांनाच आता आक्का जाणार म्हणून फार वाईट वाटत होतं. नंदाबाई डोळ्यांना पदर लावून, शेवटी परक्याच्या लेकीसाठी आपलं माणूस तोडलं, असं म्हणत होती. सल्ले तर इतके मिळाले की टेम्पोत भांड्यांना जागा राहिली नसती. उचलू लागायला मात्र मी आणि टेम्पोवाला कडूबा, दोघंच.

गुरुजी सगळ्यांत शेवटी आले, आडोसा बघून. पोलिसांत जबाब होणार होता, त्यात माझं नाव घेऊ नका एवढंच म्हणणं होतं. बेबीताई, समाजात माझी एक प्रतिमा आहे, म्हणाले.

"नाव तुम्हीच छापलं ना, गुरुजी, चांगलं मोठ्या अक्षरात," आक्का म्हणाली. "मी कशाला घेऊ? जय भीम."

नव्या घराचा पत्ता मी इथं लिहिणार नाही. आमच्या गावातही वाचणारे आहेत, आणि माणुसकीही आहेच. दोन खोल्या, वर पत्रे, पाण्याचा नळ सामाईक. निवासगृहातून मावीला घेऊन आम्ही तिथं पोचलो तेव्हा घरमालकीण दारात उभी होती. सामान आत जायच्या आधी तिला सगळं जाणून घ्यायचं होतं. पोरीला वरून खालून न्याहाळत तिनं विचारलं, "ही नेपाळची का?"

"हो," आक्का म्हणाली. "अन् मी जपानची."

घरमालकिणीला विनोद कळला नाही. तिनं चौकटीला हात लावून पुढचा प्रश्न विचारला. कोण लागती तुमची, आईबाप कुठं, अशी कशी एकटी आली. आक्का कधी उत्तराला अडत नाही. पण त्या दिवशी ती दमली होती. घराला कुलूप लावल्यापासून ती रस्ताभर फारसं बोललीच नव्हती. ती उतरवलेल्या पेटीवर बसली आणि पदरानं मान पुसायला लागली.

मावीनं गॅसची टाकी कमरेवर घेतली. ती घरमालकिणीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पुढं सरका, मावशी. दारात न्हाई उभं राहायचं. मागं माणसं हायेत."

घरमालकीण सरकली.